दहाची गोटी

येतो तेव्हा येतो, नाही तेव्हा आठवडाभर नाही.
अडकित्त्यात सुपारी अडकावी आणि फुटू नये
तसा एक खट्,
मग काहीच नाही, मग लागोपाठ दोन.
बहुतेक डावीकडे वळताना. बहुतेक संध्याकाळी.
'बहुतेक' हा शब्द घेऊन गॅरेजात जाता येत नाही.

गेलो तरी.
वादी कबीरच्या गल्लीतला गुल जमीन,
मूळ मर्दानचा, बावीस वर्षं मस्कतचा,
माझी दोन हजार दोनची कोरोला घेऊन दोन फेऱ्या मारून आला.
पाहुणे आले की शहाण्या होणाऱ्या पोरीसारखी गाडी गप्प.
"साब, मेरे को तो कुछ नहीं सुनाई दिया."
तरी शॉक-ॲब्झॉर्बर बदलून झाले,
लिंक रॉड, इंजिनाचं एक माउंटिंग,
एकंदर त्रेसष्ट रियाल,
आणि अमिरातचा डोंगर उतरताना
खट्.

माझे वडील इचलकरंजीत जॉबर होते.
अठ्ठेचाळीस मागांच्या गदारोळात
तंबाखू मळत म्हणायचे,
"सतरा नंबरचा धोटा घासतोय."
हेमांगी म्हणाली, "तो कान तुला नाही आला."
खरं आहे.
मला त्यांनी कॉमर्सला घातलं.

मग एका शुक्रवारी, मगरिबची बांग होऊन गेल्यावर,
तरीही एकेचाळीस डिग्री,
एसी बंद, काचा बंद, रेडिओ बंद,
हेमांगी मागच्या सीटवर आडवी,
कान एकदा या दाराला, एकदा त्या,
आणि मी रुवीच्या एकाच राउंडअबाउटला
अकरा उलट्या प्रदक्षिणा.
ज्याने त्याने आपापलं म्हणून घेतलं:
जॅक, पाण्याची बाटली, सीटबेल्टचं बक्कल,
तिच्या बांगड्या.
बांगड्या काढून ठेवल्या.
गाडीत एकमेकांशी न बोलता
आम्ही रोजच असतो,
पण असं, एकाच गोष्टीसाठी गप्प,
कधी होतो आठवत नाही.
नवव्या फेरीला ती ओरडली,
"उजवं दार! खाली नाही रे, आत! पत्र्याच्या आत!"
पुढच्या दोन फेऱ्या मी उगाच मारल्या.

शनिवारी गुल जमीनने दाराचं पॅनल उघडलं.
कोपरापर्यंत हात घातला,
चाचपला, थांबला,
मूठ बाहेर आली.
सुकून काळ्या झालेल्या ग्रीसमध्ये घोळलेली
दहाची गोटी.

मी हसलो. मेकॅनिकच्या सेटमधली दहाची गोटी हरवतेच,
हे मलाही ठाऊक आहे.
तो हसला नाही.
अंगठ्याने घासून पुसली.
कडेला लाल नेलपेंटचा ठिपका.
"रुकन का हाथ," म्हणाला.

रुकन, नोआखालीचा पोरगा.
तीन वर्षांपूर्वी याच दाराची काच वर जात नव्हती,
ती त्याने बसवली होती.
संध्याकाळी सेट मोजला तर एक खाच रिकामी.
मी नाही घेतली, रुकन म्हणाला,
खिसे उलटे करून दाखवले.
गुल जमीनने पगारातून चार रियाल कापले
आणि वर एक शब्द वापरला,
जो त्याने मला पश्तोत सांगितला,
अर्थ सांगितला नाही.
महिनाभरात पोरगा व्हिसा कॅन्सल करून गेला.

माझ्यासमोरच फोन लावून पाहिला.
पलीकडून बंगालीत एक बाई
तेच वाक्य दोनदा बोलली.

सेटमधली ती खाच केव्हाच भरलेली, नवी, चकचकीत.
गोटी हातात धरून तो खाचेकडे बघत राहिला,
मग शर्टाच्या खिशात टाकली.
मी पैसे विचारले.
"जाओ साब. जाओ."

आता गाडी गप्प. हेमांगी पुढे बसते.
रेडिओ लावायला कधी कधी विसरतो आम्ही.
परवा ऑइल बदलायला गेलो, तर गुल जमीन
एका पिकअपखाली शिरायला वाकला
आणि त्याच्या खिशातून काहीतरी सिमेंटवर पडलं,
खट्.
हेमांगीने गाडीत बसल्या बसल्या मान वळवली.
तो अर्धा पिकअपखाली, अर्धा बाहेर,
ग्रीसने बरबटलेला हात जमिनीवर फिरवत होता
आणि ती घरंगळत
मुलकिया संपलेल्या एका गाडीखाली
चालली होती.